तिसरं पेडल

९ जानेवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. हसू नकोस. बाबा समोरच्या खुर्चीत बसले आहेत आणि हे पत्र पाकिटात जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाणार आहे, म्हणून मायना रीतसर. आम्ही दोघं बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का? भाचीला म्हणावं, पडलेल्या दाताचं चित्र आत्याला मिळालं. फ्रिजवर लावलंय.

मुख्य बातमी गाडीची. आपली म्हैस आजारी आहे. (हे नाव भाचीच्या आजीने ठेवलेलं, हेही तिला सांग. काळी, जड, डिझेल पिणारी आणि मनात आल्याशिवाय न उठणारी.) गेल्या महिन्यापासून दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात जाताना ती अवसान गाळायला लागली. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी आपली आहे त्याच चालीने. ऑटोमॅटिक असल्यामुळे आपल्या हातात काही नाही. तिला वाटेल तेव्हा गिअर पडणार.

रेडिओकडे नेली. रेडिओ म्हणजे नाक्यावरचा मिस्त्री. तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव. बाबांनी त्याला लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं आणि ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पदवी मिळाल्यासारखं सांगतो. त्याने गाडी वर घेतली, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाला, "ताई, जळलंय." या वयाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा भरवसा नाही, असं एकंदर ठरलं.

तेव्हा तो काढून साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स बसवणार आहोत. भंगारवाल्याकडे याच मॉडेलची एक गाडी आहे, समोरून चेपलेली, पण पोटातलं शाबूत. तिचा गिअरबॉक्स, क्लच, गिअरचा दांडा आणि पेडलं आपल्या गाडीत येतील. दोनाच्या जागी तीन पेडलं. इंजिन तेच राहील. अशा बदलाला परवानगी लागते, तो अर्ज बाबांनी स्वतः नेऊन दिला. त्यांच्या जुन्या आरटीओ कार्यालयात अजून दोघंतिघं त्यांना बघून उठून उभे राहतात म्हणे.

बाबा रोज सकाळी गॅरेजात जाऊन बसतात. रेडिओने त्यांच्यासाठी हाताची खुर्ची ठेवली आहे. घरी येतात तेव्हा कपड्यांना डिझेलचा वास असतो आणि भूक चांगली लागलेली असते.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
शंकासुर

ता. क. चि. यास आशीर्वाद. काम माझ्या देखरेखीखाली चालू आहे. काळजी नसावी. तुझ्या गाडीच्या टायरांतली हवा बघत जा, मागच्या वेळी कमी होती. — बाबा


२५ जानेवारी

प्रिय दादा,

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. तीन ओळी तब्येतीच्या आणि चौथी, "त्यांना सांगितलंस का?"

नाही.

हे मी ऑफिसातून लिहिते आहे. समोर सहावीच्या भूगोलाची प्रुफं पडली आहेत आणि वाळवंटाच्या धड्यात एका नदीचं नाव तीन वेगवेगळ्या प्रकारे छापलेलं आहे. म्हणजे माझ्याकडे काम आहे, तरी मी पत्र लिहिते आहे. फोनवर हे बोलता येत नाही. बाबा शेजारी असतात आणि त्यांचे कान अजून चांगले आहेत.

आधी एक राहिलेली गोष्ट. कर्जदार माणसासारखी मी तुला बातम्या हप्त्याहप्त्याने देते आहे, याची मला जाणीव आहे. मागे फोनवर तुला म्हणाले होते की बंपरला थोडं लागलं. बंपरला लागलंच. पण ते लागलं औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर. बाबा गाडी दुकानासमोर लावत होते, मी शेजारी. ब्रेक मारायचा तिथे त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उडी मारून पायरीवर चढली आणि दुकानाच्या शटरच्या चौकटीला टेकून थांबली. त्या पायरीवर एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती. ती एक क्षण आधी आत गेली होती. काही विसरलं म्हणून परत आत गेली, एवढंच.

बाबांनी गाडी मागे घेतली. औषधं घेतली. दुकानदाराला शटरची भरपाई विचारली. येताना त्यांनीच चालवली आणि मी चालवू दिली. घरी आल्यावर म्हणाले, "पेडल ओलं होतं." त्या दिवशी पाऊस नव्हता. मी "हो" म्हटलं.

तुझं म्हणणं सरळ आहे. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर डावा पाय ओढत चालणाऱ्या माणसाने गाडी चालवू नये, आणि हे त्याला सांगावं. पण त्यांचं म्हणणंही सरळ होतं. ऑटोमॅटिकला डावा पाय लागतोच कुठे? आणि चूक झाली ती उजव्या पायाची. म्हणजे पायाची नाहीच. ते मला ओठांवर आणता आलं नाही.

आपल्या घरात वाईट बातमी कुणी तोंडाने सांगितल्याचं तुला आठवतं का? बाबांची परीक्षेची पद्धत आठव. चाचणी संपली की उमेदवाराला गाडी कडेला घ्यायला लावायची. पास असेल तर बाबा नुसते खाली उतरायचे, गाडी त्याची त्याने बंद करायची. नापास असेल तर शेजारच्या सीटवरून हात घालून बाबाच किल्ली फिरवायचे, काढून त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा या." नापास हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. गावभर बोलायची रीतच पडली होती, "साहेबांनी किल्ली काढली." आईला शिकवताना आपल्या दारात तीनदा काढली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आणि स्वयंपाकघरात मी कुणाकुणाची किल्ली काढू?" त्यानंतरच ही ऑटोमॅटिक घरात आली. आई तिच्यावर शिकली, मग मी शिकले.

तर तिसऱ्या पेडलाचं कारण तुझ्या लक्षात आलं असेल. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. बाबांना तो दाबता येणार नाही. कुणी कुणाला काही सांगायला नको.

लिहून काढल्यावर हे वाईट दिसतं. वाईट आहे की नुसतं दिसतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझी,
शंकासुर


१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. "भित्री" हा शब्द खोडून पुन्हा लिहिलेला दिसला. खोडायचं कारण नव्हतं.

पहिल्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. "भरवसा नाही, असं एकंदर ठरलं," असं मी लिहिलं होतं. ठरलं नव्हतं. मी ठरवलं. जुना गिअरबॉक्स दुरुस्त होत होता. रेडिओ मला त्याच दिवशी म्हणाला होता, "ताई, आतल्या प्लेटा बदलू, तेल बदलू, अजून पाचसहा वर्षं बघायला नको." बाबा तेव्हा समोरच्या टपरीवर चहा घेत होते. मी विचारलं, "आणि साधा बसवायचा झाला तर?"

"कशाला? चांगला आहे की हा."

"बसतो का, एवढं सांगा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बसतो. काय, माणसालाही बसवतात आता दुसऱ्याचं काय काय." मग अर्धा तास तो तेच बोलत होता, कुणाला कुठलं मूत्रपिंड बसवलं ते.

बाबांना मी घरी सांगितलं की दुरुस्ती होणार नाही. त्यांनी विचारलं, "रेडिओ म्हणाला?" मी हो म्हटलं. चाळीस वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसाला मी हे सांगितलं आणि त्याने मान डोलावली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता ती मान मला पुन्हा पुन्हा दिसते.

कामाचं म्हणशील तर रेडिओने एक घोळ घातला. साधा गिअरबॉक्स लांबीला कमी आहे, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांब लागतो. तो आणायला तो विसरला. पुन्हा भंगारवाल्याकडे गेला तोवर दांडा विकला गेला होता. शेवटी जुनाच लेथवाल्याकडून वाढवून घेतला. बाबा म्हणाले, "दोनदा नापास केलं ते उगीच नाही." रेडिओ खूश.

पेडलं बदलताना त्याने जुनं ब्रेकचं पेडल माझ्या हातात दिलं. ऑटोमॅटिकचं पेडल रुंद असतं, चांगलं वीतभर. त्याचं रबर ॲक्सिलरेटरकडच्या कोपऱ्यातच झिजून गुळगुळीत झालं आहे, बाकी नव्यासारखं. म्हणजे पाय बरेच दिवस कडेवर पडत होता. अजून थोडा सरकला की पलीकडे. मी ते पिशवीत घालून घरी आणलं. का आणलं माहीत नाही. बाबांना दाखवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी सगळं जोडून झालं. रेडिओने किल्ली फिरवली. टक् नाही की टुक् नाही. त्याने बॅटरी बघितली, स्टार्टर बघितला, कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या. बाबा खुर्चीतून म्हणाले, "तिला वाटतंय ती अजून ऑटोमॅटिक आहे. दांडा पार्कवर आहे की नाही, ते विचारतेय. तुझ्याकडे आता पार्कच नाही."

तसंच होतं. ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्कवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय स्टार्ट होत नाही. त्यासाठी एक स्विच असतो, तो जुन्या गिअरबॉक्सबरोबर गेला. रेडिओ म्हणाला, दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू, सगळे तसंच करतात. मी विचारलं, मग गाडी गिअरात असताना किल्ली फिरवली तर? "तर उडी मारेल," तो म्हणाला. दुसरा उपाय म्हणजे क्लचच्या पेडलाखाली स्विच बसवायचा. क्लच तळापर्यंत दाबला तरच स्टार्टर फिरेल.

म्हणजे बघ. वायरी जोडल्या तर बाबा एखाद्या दुपारी मी घरी नसताना सवयीने बसतील, क्लचला पाय न लावता किल्ली फिरवतील आणि म्हैस पुन्हा उडी मारेल. समोर कोण असेल ते मला माहीत नाही. स्विच बसवला तर त्यांना गाडी सुरूसुद्धा करता येणार नाही. चालवणं गेलं ते गेलंच, पण दारात बसून इंजिन ऐकणंही जाईल. आणि ते सकाळी ऐकतात, दादा. आई गेल्यापासून रोज. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून.

रेडिओ पान्हा हातात धरून उभा. बाबा तीन पावलांवर. "बोला ताई, काय करू?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते." आणि ऑफिसला निघून आले.

आता तू तो शब्द न खोडता लिहू शकतोस.

तुझी


३ मार्च

प्रिय दादा,

गाडी घरी आली. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं. घडलं तसं लिहिते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी गॅरेजात गेले. बाबा अजून यायचे होते. रस्त्याने जाताना मी ठरवलं होतं की स्विच बसवा असं सांगायचं. रेडिओ म्हणाला, "बसवला की. काल तुम्ही गेल्यावर बाबांनी जवळ बोलावलं. म्हणाले, क्लचखाली स्विच टाक. तळाला टेकल्याशिवाय सुरू झाली नाही पाहिजे. अर्ध्यावर होत असेल तर मी सही करणार नाही."

"कसली सही?"

"काही नाही हो, सवय त्यांची."

मी विचारलं, आणखी काही म्हणाले का. रेडिओने हातातला पान्हा पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. जुन्या गिअरबॉक्सचं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. दुरुस्त होतो का रे, म्हणाले. मी होतो म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळत नाही माझी. दोनदा नापास झालेला माणूस मी."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगी सांगते तसं कर."

पहिल्या पत्राखालची त्यांची ओळ काढून बघ. काम माझ्या देखरेखीखाली चालू आहे. ती लिहिताना त्यांना कळलेलं होतं की नव्हतं, याचा मी हिशेब लावत बसले. लागला नाही. सोडून दिला.

गाडी घ्यायला दोघं गेलो. रेडिओने ती धुऊन ठेवली होती. मी किल्ली घेऊन चालकाच्या दाराकडे गेले तर बाबा म्हणाले, "थांब. आधी मी." आणि शेजारच्या सीटकडे बोट करून, "तू तिकडे बस."

मी बसले. ते सावकाश आत आले, आरसा लावला, सीट पुढे घेतली, पट्टा बांधला. सगळं क्रमाने, एखाद्या नवख्याने करावं तसं. मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. पेडल अर्ध्यापर्यंत गेलं. किल्ली फिरवली. काही नाही. पाय काढला, पुन्हा ठेवला, गुडघ्यावर हाताने जोर दिला. पेडल आणखी थोडं गेलं. किल्ली फिरवली. स्टार्टर गप्प. बाहेर रेडिओ म्हणाला, "होईल सवय—" आणि मधेच थांबला.

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसले. पट्टा सोडला नाही. दार उघडलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं दम खात आहेत. मी तशीच बसून राहिले. मग माझ्या लक्षात आलं की मी कुठल्या सीटवर बसले आहे.

ते वाट बघत होते.

मी हात घातला आणि किल्ली काढली. त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर ठेवली. त्यापुढचे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. ते खरे नसते. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली, मग मान हलवली, पट्टा सोडला आणि म्हणाले, "हं. ऊठ आता. जागा बदल."

यानंतर जे झालं ते सांगायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. गेले दोन महिने मी एका माणसाला गाडी चालवता येऊ नये म्हणून खटपट करत होते. त्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. मलाही क्लचची गाडी येत नाही. मी जन्मात तिसरं पेडल दाबलेलं नव्हतं. म्हणजे घरात गाडी एक, माणसं दोन आणि चालवणारं कुणीच नाही. तू लांबून एवढं लिहिलंस, तुझ्याही लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं असणार. रेडिओच्या तर नक्कीच आलं होतं, कारण तो आधीच दोन पावलं मागे सरकून उभा होता.

गॅरेजच्या दारातच म्हैस तीनदा बंद पडली. नाक्यावर पुन्हा, मागून हॉर्न. बाबा म्हणाले, "वाजवू दे. त्यांनाही मीच पास केलंय." चढावर मागे घसरायला लागली तेव्हा मी घाबरून हात सोडले. बाबांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. "तुला क्लच सोडायची घाई आहे. पाय सोडायचा नसतो. हळूहळू काढून घ्यायचा असतो. इंजिनाने भार घेतला की आवाज खाली बसतो. तो ऐक. ऐकू आला?"

"नाही."

"मग पुन्हा."

चौथ्या खेपेला ऐकू आला. खरोखर खाली बसतो. मला वाटतं सकाळी दारात बसून ते हेच ऐकत असावेत. ऑटोमॅटिकमध्ये तो आवाज असतो की नाही, त्यांना विचारायला हवं.

दारात गाडी उभी केली. मी किल्लीकडे हात नेणार, तोच शेजारून त्यांचा हात आला. किल्ली फिरवली, काढली, माझ्या तळहातावर ठेवली.

"पुन्हा या," बाबा म्हणाले. मला 'या' म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. माझं ऑफिस सुटायची वेळ झाली की ते पायऱ्यांवर येऊन बसलेले असतात, बूट घालून. इंजिन सकाळी मी सुरू करून देते आणि ते शेजारी बसून ऐकतात. परवा संपूर्ण फेरीत गाडी एकदाही बंद पडली नाही. चढावरही नाही. रेडिओने दुकानातून हात केला. दारात आल्यावर मी श्वास रोखून बसले. बाबांनी किल्ली काढली.

काल तर मला माझी एकही चूक सापडली नाही, आणि चुका शोधण्याचा मी पगार घेते. तरी किल्ली काढलीच. का, ते मी विचारलं नाही. खरंच काही चुकत असेल. नसेलही.

जुनं पेडल अजून माझ्या कपाटात आहे. ते त्यांना दाखवायची आता गरज नाही आणि टाकूनही देववत नाही.

तू विचारतोस ना, सांगितलंस का? तोंडाने नाही सांगितलं. पुढच्या पत्रात तो प्रश्न नको. वाटलं तर असं विचार की मी पास झाले का. त्याचं उत्तर मला देता येईल, आणि बराच काळ ते एकच राहावं असं मला वाटतं.

सहा वाजले. ते पायऱ्यांवर असतील.

तुझी,
अजून नापास असलेली
बहीण